निकोटीन गम, भूक आणि वजन: एका वर्षानंतरचा अभिप्राय

सिगारेट सोडण्यासाठी मिळणारा 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम मी सलग साडेतीन महिने वापरला आणि तो बंद करूनही आता आठ महिने होऊन गेले आहेत. या गमविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात, ते बहुतेक तलफ थांबते की नाही एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात. माझा प्रश्न वेगळा होता. याआधी दोन वेळा मी सिगारेट सोडली होती, आणि दोन्ही वेळा तलफ सोसून झाल्यानंतर, चौथ्या-पाचव्या महिन्यात, वाढलेल्या वजनाला घाबरून पुन्हा तिच्याकडे वळलो होतो. वडिलांना मधुमेह होता, त्यांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा मी घरात पाहिल्या आहेत. त्यामुळे वजनकाट्यावरचा आकडा माझ्यासाठी दिसण्यापुरता नव्हता. म्हणून या वेळी गम सुरू करतानाच दर रविवारी सकाळी, चहा घेण्यापूर्वी, वजन करून वहीत लिहायचे ठरवले. हा अभिप्राय त्या वहीच्या आधारे लिहीत आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे गम वापरले आणि दोन्हींत औषध तेच होते. फरक होता तो चवीचा आणि थोडा मऊपणाचा.

माझे वय 47, चोवीस वर्षांची सवय, दिवसाला दहा ते बारा सिगारेट. दिवसातली पहिली सिगारेट चहा-आंघोळ आटोपून, म्हणजे उठल्यानंतर तासाभराने. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण गमची मात्रा ठरवताना पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागते की नंतर, हेच विचारले जाते. अर्ध्या तासानंतर लागत असेल तर 2 मिलिग्रॅम पुरतो, आत लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा लागतो. मी घेतला तेव्हा 2 मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाला.

गमकडे वळण्यापूर्वी भूक का वाढते हे समजून घेणे आवश्यक आहे, नाहीतर त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या जातात. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या पेशी असतात, आणि निकोटीन त्या पेशींना चेतवते. ते बंद झाले की ही जाणीव मंदावते, आणि जेवण होऊन तास उलटतो न उलटतो तोच माणूस डबे उघडू लागतो. दुसरी गोष्ट शरीराच्या खर्चाची. दिवसाला 24 सिगारेट ओढणाऱ्यांवर 1986 साली स्वित्झर्लंडमध्ये एक मोजमाप झाले होते; सिगारेट ओढण्याच्या दिवसांत त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्च सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे जवळपास दोनशे कॅलरींनी, जास्त भरला. सिगारेट सुटली की हा खर्च थांबतो, म्हणजे पूर्वीइतकेच जेवले तरी तेवढे अंगी लागते. त्यात जिभेची आणि नाकाची भर पडते. सिगारेट सोडल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या जिन्यात पाऊल टाकताच मला कुणाच्या तरी घरी बसलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आला, इतका स्पष्ट, की मी दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबलो. चोवीस वर्षे तो जिना मी चढत होतो.

वजन किती वाढते याचा अंदाज असलेला बरा. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 2012 साली 62 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. कोणत्याही औषधाशिवाय सिगारेट सोडून ती पुन्हा न धरणाऱ्यांचे वजन त्यात तीन महिन्यांत सरासरी 2.85 किलो आणि बारा महिन्यांत 4.67 किलो वाढलेले आढळले. म्हणजे वर्षभरातील वाढीचा अर्ध्याहून अधिक भाग पहिल्या तीन महिन्यांतच होतो. याच आढाव्यातील दुसरी बाब मला फार धीर देणारी वाटली: सुमारे 16 टक्के लोकांचे वजन वर्षाअखेरीस कमी झाले होते. सुमारे 13 टक्क्यांचे मात्र दहा किलोंहून अधिक वाढले होते, हेही खरे. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात मी सहा किलोंवर पोहोचलो होतो, आणि 'तुला सिगारेट सोडणे मानवत नाही' असे मित्रांनी सांगितल्यावर मला ते पटले होते. आज त्या पटण्याचे वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष गमविषयी. पाकिटावर 'गम' लिहिलेले असते आणि तो दिसतोही च्युइंगगमसारखा, त्यामुळे बहुतेक जण तो च्युइंगगमसारखाच चावतात. मीही पहिले दोन दिवस तसाच चावला. घशात मिरची गेल्यासारखी आग, मग उचक्या, मग छातीत जळजळ, आणि तलफ होती तिथेच. पाकिटातील कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे. जे लोक हा गम घेणार आहेत त्यांना तो कसा वापरायचा हे मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात सांगितले जाऊ नये, ही मला या वस्तूतील सर्वांत मोठी उणीव वाटते. तिसऱ्या दिवशी मी सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला. तिकडे मराठीत बोलणाऱ्या ताई होत्या. मी तक्रार सांगताच त्यांनी विचारले, "दादा, तुम्ही तो चावताय की गालात धरताय?" सगळे उत्तर त्या एका प्रश्नात होते.

तो गालात धरायचा असतो. दहा-पंधरा वेळा सावकाश दाताखाली दाबायचा. जिभेला तिखट चव लागली किंवा हिरडीला मुंग्या आल्यासारखे झाले की दाबणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा थोडा दाबायचा आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचा. असा एक गम साधारण अर्धा तास चालतो. यामागे कारण आहे. निकोटीन या गममध्ये राळेसारख्या एका पदार्थाला बांधलेले असते, दाबल्यावर ते सुटते, आणि ते रक्तात जायला हवे ते गालाच्या आतील नाजूक त्वचेतून. भराभर चावले तर ते लाळेबरोबर पोटात जाते, तिथे जळजळ करते, आणि त्यातील बराच भाग यकृतातच निकामी होऊन जातो. या गमचा जन्म स्वीडनमध्ये झाला. पाणबुडीत सिगारेट ओढता येत नसे, तेव्हा तिथले खलाशी गालात धरायच्या तंबाखूकडे वळत, हे पाहून तशीच पण तंबाखूविना काही वस्तू करता येईल का, हा विचार पुढे आला आणि ओव्हे फर्नो यांनी हेलसिंगबोर्ग येथील कंपनीत तो तडीस नेला. ज्या महाराष्ट्रात तंबाखूचा बार गालात धरणे घरोघरी ठाऊक आहे, तिथे ही रीत समजावून सांगणे खरे तर अवघड नाही.

तोंडात आंबटपणा असेल तर निकोटीन नीट शोषले जात नाही. म्हणून कॉफी, फळांचे रस आणि थंड पेये गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना टाळावी, असे सांगितले जाते. मी चहालाही हाच नियम लावला. कचेरीत अकराच्या आणि चारच्या चहाबरोबर सिगारेट हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तिथे मला चहा आणि गम यांतील एकच काहीतरी निवडावे लागले. हे बंधन आधी जाचक वाटले. पण पुढे माझे वजन आटोक्यात राहण्यास औषधाइतकाच या बंधनाचा हातभार लागला. मी दिवसाला सहा कप चहा घेत होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे साखर म्हणजे अठ्ठेचाळीस ग्रॅमच्या आसपास, जवळपास दोनशे कॅलरी. सिगारेट सुटल्यामुळे शरीराचा जो खर्च वाचणार होता, जवळजवळ तेवढ्याच. सहाचे तीन कप झाले आणि प्रत्येकात एकच चमचा साखर राहिली, तेव्हा जेवणाला हात न लावता त्यातला मोठा वाटा वळता झाला. चहा-कॉफी कमी करण्याचे आणखी एक कारण डॉक्टरांनी सांगितले, जे मला ठाऊक नव्हते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा झपाट्याने करते. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने अधिक धडधड, अधिक जागरण आणि चिडचिड होते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे, त्यामुळे गम घेऊनही तो टळत नाही.

भुकेच्या बाबतीत गमने काय केले, ते वहीतून सांगतो. सुरुवातीचे वजन 72.4 किलो. चौथ्या रविवारी 72.9, आठव्या रविवारी 73.5, बाराव्या रविवारी 73.8. मागच्या दोन्ही वेळांच्या तुलनेत ही वाढ फारच थोडी होती, आणि आकड्यापेक्षाही जाणवला तो भुकेतील फरक. पूर्वी दुपारी साडेतीन ते पाच या वेळात जी वखवख सुटायची, ज्यात खारी, फरसाण, कुणी वाटलेले पेढे, काहीही पुढ्यात येईल ते खाल्ले जायचे, ती गम गालात असताना निम्म्याहून कमी होत असे. हे व्हायला दहा-बारा मिनिटे लागतात. सिगारेटचे निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाते, गमचे सावकाश चढते. म्हणून भूक खवळल्यानंतर गम शोधण्यात अर्थ नसतो, साडेतीनला वखवख सुटते हे ठाऊक असेल तर सव्वातीनलाच तो गालात हवा. पहिले सहा आठवडे दर एक ते दोन तासांनी एक गम, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी आणि शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, असे त्याचे सर्वसाधारण वेळापत्रक असते. मी ते पाळले, फक्त शेवटचा टप्पा दोन आठवड्यांनी लांबवला. दिवसाला कमाल 24 ची मर्यादा असते. मी अकराच्या पुढे कधी गेलो नाही.

मात्र जे गम करू शकत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. तो वजनवाढ पुढे ढकलतो, रद्द करत नाही. गम घेत असेपर्यंत निकोटीन थोडेफार शरीरात जातच असते, म्हणून भूक थोडी दबलेली राहते. तो बंद झाला की दबलेली भूक वर येते, आणि अभ्यासांतही गम घेणाऱ्यांचे वजन नंतर बऱ्याच अंशी इतरांच्या बरोबरीला आलेले आढळले आहे. माझ्याकडे तसेच झाले. गम थांबवल्यानंतरच्या सहा आठवड्यांत 73.8 वरून मी 75.3 वर गेलो. पट्ट्याचे ज्या भोकावर आयुष्य गेले, ते सोडून पुढचे भोक वापरावे लागले. पण या वेळी सौभाग्यवतींनी जे म्हटले ते मी विसरणार नाही. "अहो, मागच्या वेळी सिगारेट आणि भूक अशा दोघींशी एकदम झुंजत होता. आता एकच उरली आहे." आणि ते अक्षरशः खरे होते. त्या साडेतीन महिन्यांत तलफ निवली होती, हात खिशाकडे जाणे थांबले होते, टपरीसमोरून जाताना पाय थबकत नव्हते. सगळी ताकद भुकेकडे लावायला मोकळी झाली होती. गमची खरी किंमत मला या उसंतीत दिसते. ही उसंत ज्याने जेवणाची घडी बसवण्यासाठी वापरली नाही, त्याला गम बंद झाल्यावर चार किलो एकदम भेटतील, आणि तो दोष गमला देईल.

घडी बसवली म्हणजे उपाशी राहिलो असे नाही. पहिल्या काही आठवड्यांत कडक पथ्य सुरू करू नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. पोट रिकामे असले की तलफ अधिक चढते. आम्ही केले ते एवढेच. सकाळी पोह्यांच्या जागी आठवड्यातून चार दिवस मुगाचे धिरडे किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, कारण कडधान्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते. डब्यात पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, ताक, आणि सोबत काकडी, गाजर, मुळा यांच्या बोटभर लांबीच्या चिरलेल्या फोडी. या फोडींचा उपयोग केवळ पोटाला नव्हता. चोवीस वर्षे दिवसातून दहा वेळा बोटांत काहीतरी धरून ओठांपर्यंत नेण्याची हाताची सवय गम भागवत नाही, ती गाजराच्या फोडीने भागली. सिगारेट सुटल्यावर अनेकांना पोट साफ न होण्याचा त्रास होतो, त्यावरही भाकरी आणि कोशिंबीर उपयोगी पडली. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे चालणे, कारण माझी दिवसातली शेवटची आणि सर्वांत आवडती सिगारेट तेव्हाची होती.

एका गोष्टीविषयी मात्र मी कळकळीने सांगतो. सिगारेट सोडल्यावर तोंड मोकळे राहत नाही म्हणून सुपारीकडे वळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि घरातील वडीलधारीही 'सिगारेटपेक्षा सुपारी बरी' म्हणून ती पुढे करतात. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगास कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे. भाजलेली बडीशेप, ओवा-बाळंतशेप, लवंग, वेलची यांपैकी काहीही चालेल. साखर लावलेली रंगीत बडीशेप मात्र मूठमूठ खाल्ली जाते, तीही नको.

गमचे त्रास म्हणाल तर थोडे आहेत. पहिल्या पंधरवड्यात जबडा दुखतो. बिनसाखरेच्या गममध्ये गोडीसाठी जे घटक असतात त्यांनी दिवसाला आठ-दहा गम झाले की पोट फुगते. मला ते सहाव्या आठवड्यापर्यंत जाणवले. कवळी असलेल्यांच्या दातांना तो चिकटतो. चवींपैकी पुदिना मला मानवला. फळांच्या चवीचा गम तोंडाला पाणी आणून उलट गोडाची आठवण करून देत असे, तेव्हा ज्यांना वजनाची काळजी आहे त्यांनी ती चव टाळलेली बरी. किमतीचे म्हणाल तर माझ्या सिगारेटपेक्षा एक गम स्वस्त पडला. घरात लहान मूल असेल तर पाकीट कपाटात कुलपात ठेवावे, कारण दिसायला ते खाऊसारखेच असते. हृदयविकाराचा झटका अलीकडेच येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनीही सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण रक्तातील साखर बदलते आणि औषधाची मात्रा बदलावी लागू शकते.

काल रविवार होता, वजन 74.1 किलो भरले. सुरुवातीच्या वजनापेक्षा पावणेदोन किलो जास्त. उपाशीपोटीची साखर गेल्या महिन्यात तपासली, ती मर्यादेत आहे. हे पावणेदोन किलो उतरले तर आनंद आहे, न उतरले तरी त्यांच्यासाठी सिगारेटकडे जाणार नाही. वजन वाढले तरी सिगारेट सोडण्याचा हृदयाला होणारा फायदा टिकून राहतो, हे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून 2013 साली दिसून आले आहे, आणि डॉक्टरांनी मला ते मागच्या दोन्ही प्रयत्नांच्या वेळी सांगितले होते. तेव्हा मी ऐकले नव्हते.

गेल्या आठवड्यात धाकटा भाऊ घरी आला आणि उरलेली दोन पाकिटे मागू लागला. त्याची पहिली सिगारेट अंथरुणातून उठण्यापूर्वीची असते. मी पाकिटे दिली नाहीत. "तुला 2 चा पुरणार नाही, तू तो तीन दिवस चावशील आणि गम कुचकामी आहे म्हणून सोडशील," एवढे सांगून त्याला डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. वहीची कोरी पाने होती, ती मात्र त्याने फाडून नेली.